बिनपुंगळीची गोळी आणि सैन्यात कधीच न गेलेल्या बंदुका

पाषाणरोडचा_पक्षी

मंडळी, परवा नववीतले चिरंजीव कॉम्प्युटरवर कुठलासा गेम खेळत होते, त्यात हातात एक लांबडा खोका. म्हणजे अक्षरशः खोका, कंपासपेटीला चाप लावल्यासारखा. म्हटलं हे काय रे, तर म्हणतो जी-इलेव्हन, पण बाबा ही खरी नसते, गेमवाल्यांनी डोक्यातून काढलीय. आता मला राहवेना. खरी होती बाबा, जर्मनांनी वीस वर्षं खपून बनवली, चालली, टेस्टमध्ये पासही झाली आणि तरी सैन्याची रायफल काही झाली नाही. "पास झाली तर घेतली का नाही?" या प्रश्नाचं उत्तर देता देता अर्धा तास गेला, तो मधेच उठून जेवायला निघून गेला, म्हणून उरलेलं इथे पाडतोय. जिलबी वाटली तर गोड मानून घ्या.

तर गोष्ट सुरू होते १९६० च्या दशकाच्या शेवटी, पश्चिम जर्मनीत, ओबर्नडॉर्फ नावाच्या नेकार नदीकाठच्या गावात. तिथली हेक्लर अँड कोख ही कंपनी तुम्ही ऐकली असेल, एमपी-५ सबमशीनगनवाली. त्यांच्या सैन्याकडे तेव्हा जी-३ होती, ७.६२ मिलिमीटर गोळीची भक्कम रायफल, पण गोळीला धक्का मोठा आणि वजन मोठं. आणि सगळ्या लष्करांना तेव्हा एकच गोष्ट खुपत होती, घाबरलेला शिपाई नेम धरून मारत नाही. रेंजवर दहापैकी दहा मारणारा माणूस समोरून गोळ्या यायला लागल्या की कुठेही मारतो. मग उपाय काय, तर एका चापात तीन गोळ्या सोडायच्या, म्हणजे नेम थोडा चुकला तरी तिघींपैकी एक तरी लागेल. पण साध्या रायफलीत पहिली गोळी सुटली की नळी वर उडते, दुसरी डोक्यावरून जाते आणि तिसरी थेट कावळ्यांना. म्हणजे धक्का खांद्याला कळायच्या आत तिन्ही गोळ्या नळीबाहेर पडायला हव्यात.

एवढ्या वेगात रिकामी पुंगळी (म्हणजे बारूद भरलेली काडतुसाची पितळी नळकांडी) बाहेर फेकायला वेळच नाही. म्हणून त्यांनी पुंगळीच काढून टाकली. पितळ नाही, काही नाही. बारूदच दाबून दाबून घट्ट चौकोनी ठोकळा केला, साधारण ८ मिलिमीटर रुंद, ३३ मिलिमीटर लांब, आणि गोळी त्याच्या पोटात पुरून टाकली. चाप ओढला की ठोकळा जळून खलास, मागे उरलं काय तर धूर.

फायदा बघा. जी-३ च्या एका काडतुसाचं वजन साधारण २४ ग्रॅम, अमेरिकन एम-१६ रायफलच्या काडतुसाचं १२ च्या आसपास आणि या ठोकळ्याचं ५.२ ग्रॅम. बंदूक-गोळ्या मिळून सारख्याच वजनात जी-३ वाला १०० गोळ्या नेणार, एम-१६ वाला २४० आणि जी-११ वाला ५१०. पाचशे दहा! आहे की नाही गंमत.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, बोटं दुखली.

सायली_उवाच

वाचतेय. बंदुकांतलं मला ओ की ठो कळत नाही पण तुम्ही कंपासपेटी म्हणालात म्हणून फोटो शोधून बघितला आणि खरंच कंपासपेटी आहे की हो ती. एक बाळबोध प्रश्न, पुंगळी काढून टाकल्यावर एवढा फायदा होतो तर आधी शंभर वर्षं लोकांनी ती ठेवली कशाला?

अक्कलखाते

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत जागा पकडली.

खडकीकर

सायलीताई, प्रश्न बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे. आमचे वडील खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते, १८६९ सालची फॅक्टरी ती, आमच्या अर्ध्या गल्लीचं घड्याळ तिच्या भोंग्यावर चालायचं. ते पुंगळ्यांच्या सेक्शनला होते, त्यामुळे पितळ या विषयावर आमच्या घरी जेवढं बोललं गेलंय तेवढं सोन्यावर सुद्धा नसेल.

ते सांगायचे, लोकांना वाटतं पुंगळी म्हणजे डबी, आत बारूद भरायचं आणि काम झालं. तसं नाहीये. आधी पितळेच्या पत्र्यातून छोटी वाटी काढायची, तिला कप म्हणायचे, मग तो कप पंचाखाली ओढत ओढत लांब करायचा. एकदा ओढला की पितळ कडक होतं, परत ओढलं तर फाटतं, म्हणून मधे भट्टीत तापवून मऊ करायचं, आम्लात धुवायचं, परत ओढायचं. असं चार चार वेळा. आणि शेवटी बूड कडक पाहिजे पण तोंड मऊ पाहिजे. का? तर बार उडाला की पुंगळीचं तोंड फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते त्या खोबणीच्या, भिंतीला घट्ट चिकटतं, मागे वायू सुटत नाही, आणि दाब गेला की लगेच जराशी आकसते म्हणजे ओढून बाहेर काढता येते. फुगायचं किती आणि आकसायचं किती हे पितळाला शिकवावं लागतं असं त्यांचं वाक्य. संध्याकाळी घरी आले की हाताला पितळेचा तो आंबूस वास असायचा, साबणाने जायचा नाही.

तर पुंगळीची कामं बघा. वायू अडवणं हे एक. बारूद ओल्यापासून जपणं दुसरं. आणि तिसरं, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं, बाहेर पडताना ती उष्णता घेऊन जाते. नुकतीच उडालेली पुंगळी चुकून कॉलरमध्ये गेली तर काय होतं ते आपल्या माजी फौजींना विचारा.

पाषाणरोडचा_पक्षी

खडकीकर, तुम्ही माझा अर्धा धागा पळवलात, पण मी असा सांगू शकलो नसतो. दंडवत.

जर्मनांना हेच नडलं. पुंगळी नाही म्हणजे उष्णता बाहेर न्यायला कोणी नाही, ती सगळी चेंबरमध्येच साठत जाते. वर बारूद उघडं, चेंबरच्या भिंतीला थेट चिकटलेलं, मधे पितळेचा आडपडदाही नाही. मग पन्नास-शंभर गोळ्या झाल्या की आत गेलेला ठोकळा चाप न ओढता आपला आपण पेटणार. याला कुक-ऑफ म्हणतात. १९७७ ते ७९ मध्ये नाटोने पुढची गोळी कोणती घ्यायची याच्या मोठ्या चाचण्या घेतल्या, त्यात जी-११ उतरली आणि याच कारणाने तिला माघार घ्यावी लागली.

इतर कोणी असतं तर फाईल बंद केली असती. यांनी बारूदच बदललं. डायनामिट नोबेल कंपनीने नेहमीचं नायट्रोसेल्युलोज सोडून स्फोटकांच्या घराण्यातलं एक रसायन घेतलं, बाइंडर घालून त्याला माणसाळवलं, आणि आपोआप पेटायचं तापमान साधारण १०० अंशांनी वर नेलं. ठोकळा जळण्याचीही पद्धत होती. आधी आतला छोटा बूस्टर पेटून गोळीला पुढे ढकलून नळीच्या तोंडात नेऊन बसवतो, म्हणजे पुढचं भोक बंद, आणि मग मुख्य बारूद फुटून जळतं. पितळ जे काम न बोलता करायचं ते यांना असं एकेक करून नव्याने शिकावं लागलं.

माजी_नायक

नमस्कार. मी मराठा लाईट इन्फंट्री, ट्रेनिंग बेळगावला. आम्ही एसएलआर या जुन्या ७.६२ च्या रायफलवर शिकलो, नंतर ५.५६ ची इन्सास रायफल आली. खडकीकर साहेब, कॉलरचं बरोबर बोललात, मानेवर डाग अजून आहे. शेजारच्या फायररचं खोकं आमच्या कॉलरमध्ये. फौजेत पुंगळी कोणी म्हणत नाही, खोका म्हणतात, खाली खोका.

पक्षी साहेब, तीन गोळ्यांचं सांगा. इन्सासला पण तीन राऊंडचा बर्स्ट होता. मग यात वेगळं काय?

अक्कलखाते

खोक्यांचा विषय निघाला, आता एकदम ओके.

खडकीकर

अक्कलखाते, कोणीतरी हे लिहिणार हे मला माहीत होतं, फक्त कोण ते बघत होतो.

पाषाणरोडचा_पक्षी

नायक साहेब, फरक वेगाचा आहे. साधी रायफल मिनिटाला सहा-सातशेच्या वेगाने मारते, म्हणजे दोन गोळ्यांमधे जवळजवळ दहावा भाग सेकंद जातो, तोवर खांद्याला झटका बसून नळी हललेली असते. जी-११ चा ऑटोमॅटिकचा वेग उलट मुद्दाम कमी ठेवलाय, ४६० च्या आसपास, पण तीनच्या बर्स्टला ती एकदम २१०० च्या वेगावर जाते. दोन गोळ्यांमधे जेमतेम २९ मिलिसेकंद, म्हणजे पापणी लवायच्या आत तिन्ही गेल्या.

आणि आत नळी, चेंबर, मॅगझीन (गोळ्यांची पेटी) सगळं मिळून एक गाडाच आहे जो बाहेरच्या खोळीत मागेपुढे सरकतो. पहिली गोळी सुटली की गाडा मागे निघाला, जाता जाता दुसरी, जाता जाता तिसरी, आणि मग कुठे तो शेवटाला टेकतो. खांद्याला तिन्हींचा मिळून एकच धक्का बसतो, तोही तिन्ही निघून गेल्यावर. मला तर हे वाचल्यावर एसटीच्या मागच्या सीटची आठवण झाली, गाडी खड्ड्यातून कधीच पुढे गेलेली असते आणि आपण नंतर आपटतो.

ऱ्हाईनकाठी

मी गेली नऊ वर्षं जर्मनीत. ही बंदूक मी काचेमागे का होईना पण बघितलीय, म्हणून लिहितो. कोब्लेन्झला ऱ्हाईन आणि मोझेल नद्यांचा संगम आहे, तिथे सगळे टूरिस्ट पुतळ्याखाली सेल्फी काढत असतात, आणि पलीकडे लुत्झेल भागात एका जुन्या बराकीत जर्मन लष्कराचा तांत्रिक संग्रह आहे, तिथे कुत्रं फिरकत नाही. बायको म्हणाली तू जा, मी कॉफी पिते. नोव्हेंबर, बाहेर रिपरिप, आत हीटरचा वास आणि मजल्यावर मजले नुसतं लोखंड. माझ्याशिवाय एक आजोबा होते, ते प्रत्येक कपाटासमोर हात मागे बांधून दोन मिनिटं उभे राहायचे, देवळात प्रदक्षिणा घालतात तसे.

जी-११ बघून पहिलं मनात काय आलं सांगू, हिला बोल्टचा दांडा कुठाय? नसतोच. डाव्या बाजूला एक गोल चकती आहे, पंख्याच्या रेग्युलेटरसारखी, ती फिरवून गोळी भरायची. मॅगझीन खाली लटकत नाही, नळीच्या डोक्यावर आडवं सरकवलेलं असतं, लांब फुटपट्टीसारखं, ४५ गोळ्या, आणि तिच्याशेजारी अजून दोन मॅगझीन अडकवायची सोय. आत गोळ्या तोंड खाली करून उभ्या बसतात. एकेक खाली एका गोल लाटण्यासारख्या तुकड्यातल्या भोकात पडते, ते लाटणं पाव फेरा फिरतं, गोळी नळीच्या रेषेत येते, बार. परत पाव फेरा, पुढची गोळी.

आतल्या यंत्राचा फोटो नेटवर आहे तो बघाच. दातेरी चाकं, कॅम, दांडे. आमच्या आजोबांच्या भिंतीवरच्या टोल्यांच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की जे दिसायचं ना, अगदी तेच.

शंकासुर

आता मी येतो. घड्याळ घेऊन चिखलात कोण जातं? तुम्ही सगळे त्या यंत्रावर भाळलाय आणि मला त्यातच तिचं मरण दिसतंय. शिपायाला बंदूक अंधारात, पावसात, थंडीने बोटं बधिर झालेली असताना उघडून साफ करायची असते. एके-४७ शेतकऱ्याच्या पोराला दुपारी शिकवली तर संध्याकाळी येते. या घड्याळातलं एक चाक पडलं तर काय ओबर्नडॉर्फला पत्र लिहायचं?

आणि वीस वर्षं लागली यातच सगळं आलं. इतका वेळ लागतो म्हणजे कल्पनाच चुकीच्या जागी हट्टाला पेटलीय.

पाषाणरोडचा_पक्षी

शंकासुरराव, चिखलाचं मात्र उलट आहे. पुंगळी बाहेर पडायची खिडकीच नसल्याने तिची खोळ जवळजवळ बंद असते. न उडालेली गोळी काढायला खाली एक भोक आहे तेवढंच. आणि शिपायाने आतलं घड्याळ उघडणं अपेक्षितच नव्हतं, ते काम वर्कशॉपचं.

माजी_नायक

वर्कशॉप कंपनीच्या मागे दोन दिवसांच्या रस्त्यावर असतं साहेब. रोक पडली, म्हणजे बंदूक मधेच अडकली, की ती आपली आपणच काढायची. शंकासुर यांना माझं मत.

शंकासुर

धन्यवाद नायक साहेब. आता पक्षी, अमेरिकेतल्या परीक्षेचं पण सांगा, तुम्ही "पास झाली" म्हणून पुढे गेलात.

पाषाणरोडचा_पक्षी

पकडलंत. सांगतो. १९८६ मध्ये अमेरिकन लष्कराने स्पर्धा काढली, अॅडव्हान्स्ड कॉम्बॅट रायफल. अट एकच पण भयंकर, त्यांच्या एम-१६ए२ पेक्षा नेम लागण्याचं प्रमाण १०० टक्क्यांनी जास्त पाहिजे. म्हणजे दुप्पट. चौघं अंतिम फेरीत. एक ही जी-११. दुसरी ऑस्ट्रियाच्या स्टायरची, ती गोळीऐवजी बाण मारायची, दीडेक मिलिमीटर जाड पोलादी सुई, तिला मागे पिसं, वजन एक ग्रॅम सुद्धा नाही आणि वेग सेकंदाला १४०० मीटरच्या वर. तिसरी एएआय कंपनीची, तिच्यात पण सुयाच. चौथी कोल्टची, तिच्या काडतुसात एकामागे एक अशा दोन गोळ्या.

१९८९-९० ला फोर्ट बेनिंगला शिपायांच्या हातात देऊन चाचणी झाली. चारही बंदुका चालल्या. आणि चारहींपैकी एकीलाही ते १०० टक्के गाठता आले नाहीत. साधारण ३० कोटी डॉलर खर्चून अमेरिकन लष्कर एम-१६ घेऊन घरी गेलं.

जर्मन सैन्याने मात्र आपल्या चाचण्यांनंतर १९९० मध्ये तिला मान्यता दिली होती, मी पास म्हणालो ते त्या अर्थाने.

सायली_उवाच

सुई मारणारी बंदूक?? ही तर अजूनच कै च्या कै आहे. ती का नाही चालली?

पाषाणरोडचा_पक्षी

सुयांचं वेड अमेरिकेला १९५०-६० पासून होतं, एसपीआयडब्ल्यू नावाच्या प्रकल्पात तर त्यांनी सुई-रायफलीच्या बोकांडी ग्रेनेड लाँचरही बसवलं होतं. अडचण ही की सुई नळीपेक्षा खूप बारीक, म्हणून तिच्याभोवती प्लॅस्टिकचा गोळा असतो, तो नळीबाहेर पडला की सुटून इकडेतिकडे उडतो. पुढे आपलाच माणूस असेल तर त्याच्या डोळ्यात. आणि एवढी हलकी वस्तू पावसाच्या थेंबाने सुद्धा वाट बदलते. म्हणजे कोकणात तर जून ते सप्टेंबर युद्धबंदीच.

बेळगावी_कुंदा

नायक साहेब आमच्या गावचे निघाले, रामराम. एसएलआरचा विषय आलाय म्हणून लिहितो, तिच्या जन्माच्या गोष्टीत पण एक मेलेली बंदूक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी .२८० ची एक छान मधली गोळी काढली, म्हणजे आपल्या मापात ७ मिलिमीटर, ना फार जड ना फार हलकी. आणि तिच्यासाठी ईएम-२ नावाची रायफल. मॅगझीन चापाच्या मागे, दस्त्यात, म्हणजे बंदूक आखूड पण नळी पूर्ण लांबीची, वर दांडीतच दुर्बीण. १९५१ ची गोष्ट सांगतोय मी, जेव्हा आपल्याकडे सगळे जुन्या .३०३ रायफली खेचत होते. डिझाइन करणारा स्टीफन जॅन्सन, मूळचा पोलिश. मजूर पक्षाच्या सरकारने ती रीतसर मंजूर करून टाकली, रायफल नंबर ९ असा नंबर पण पडला.

पण अमेरिका म्हणाली नाटोत एकच गोळी चालेल आणि ती आमची, ७.६२, पूर्ण ताकदीची. त्याच वर्षी ऑक्टोबरात निवडणूक, चर्चिल परत आले आणि त्यांनी दोस्तीखातर ईएम-२ ची फाईल मिटवली. इंग्रजांनी मग बेल्जियमची एफएएल रायफल घेतली, ७.६२ ची. त्याच घराण्यातली रायफल आपण बंगालातल्या इच्छापूरच्या फॅक्टरीत बनवली, १ए१, नायक साहेबांची एसएलआर. म्हणजे चर्चिलनी तिकडे सही केली आणि त्याचा धक्का आपल्या मराठ्यांच्या खांद्याला तीस-पस्तीस वर्षं बसला.

आणि कडी म्हणजे दहा-बारा वर्षं होत नाहीत तोवर व्हिएतनाममध्ये अमेरिकेने स्वतःच ७.६२ सोडून छोटी ५.५६ ची एम-१६ उचलली!

माजी_नायक

रामराम कुंदा साहेब. एसएलआरला नावं ठेवू नका. जड होती, लांब होती, पण मारली की मारली. रिक्रूट असताना पहिल्या दिवशी खांदा निळा झाला होता, आईला पत्रात लिहिलं तर तिने हळद लावायला सांगितली.

भुसावळ_जंक्शन

आमच्याकडे वरणगावला ५.५६ च्या गोळ्या बनतात, म्हणून थोडं घरचं पण येऊ द्या. आपली पण आहे की न गेलेली बंदूक. पुण्यात पाषाणला एआरडीई आहे, डीआरडीओची शस्त्रांची प्रयोगशाळा. (पक्षी साहेब, तुम्ही तिथलेच काय?) त्यांनी एक मल्टी कॅलिबर रायफल केली होती, २०१४ च्या डिफेक्स्पो या शस्त्र-प्रदर्शनात दाखवली पण होती. नळी आणि एक-दोन भाग बदलले की तीच रायफल ५.५६ मारणार, एके ची ७.६२ बाय ३९ मारणार आणि ६.८ पण मारणार. त्या काळात लष्करालाच दोन नळ्यांची रायफल हवी होती, बाहेरच्या कंपन्यांसाठी टेंडर होतं, ते २०१५ ला रद्द झालं. मग विचार फिरला, एक नळी पण दणका मोठा पाहिजे. शेवटी २०१९ ला ७२,४०० सिग-७१६ रायफली बाहेरून घेतल्या, ७.६२ बाय ५१ च्या, म्हणजे फिरून परत एसएलआरचीच गोळी.

पाषाणरोडचा_पक्षी

भुसावळ, मी फक्त त्या रस्त्यावर राहतो हो, आतला नाही, कंपाउंडची भिंत तेवढी रोज बघतो.

पण तुम्ही आणि कुंदा दोघांनी मिळून माझ्या मनातलं लिहिलंत. चिरंजिवांना मी हेच सांगत होतो तेव्हा ते जेवायला पळाले. लष्कर बंदूक विकत घेत नाही, गोळी विकत घेतं. एकदा गोळी ठरली की तिच्यामागे वरणगाव आलं, खडकी आली, गोदामं आली, मशीनगनचे पट्टे आले, शेजारच्या मित्रदेशाचं गोदाम आलं. बंदूक बदलणं सोपं, गोळी बदलणं म्हणजे घराचा पाया उकरणं. जी-११ नुसती नवीन बंदूक असती तर कदाचित तरली असती. ती जगात कुणाकडेच नसलेली गोळी मागत होती.

शंकासुर

हे छान आहे पण सोयीचं आहे. म्हणजे बंदुकीत खोट नव्हतीच, जगच वाईट? १९९० ला पैसे होते की.

ऱ्हाईनकाठी

पैसे होते पण कुठे जाणार होते ते बघा ना. नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत पडली, ३ ऑक्टोबर १९९० ला दोन जर्मन्या एक झाल्या. ज्या सोव्हिएत रणगाड्यांसाठी ही बंदूक वीस वर्षं घासत होते ते रणगाडेच घरी निघाले. वर पूर्व जर्मनीचं अख्खं सैन्य यांच्या पदरात पडलं, त्यांच्या एके, त्यांची गोदामं, त्यांचे रस्ते, त्यांची पेन्शनं. इथे ऑफिसमधे पन्नाशीचे जर्मन आहेत ते २०२० पर्यंत पगारपत्रकावर एकीकरणाचा कर बघून तोंड वाकडं करायचे. त्यात नवीन रायफल कोण घेणार. कंपनीचं दिवाळं वाजायची वेळ आली, १९९१ ला ब्रिटिशांनी विकत घेतली. आणि १९९७ पासून जर्मन सैन्याला मिळाली ती जी-३६, साधी ५.५६, नाटोची, पितळेची.

खडकीकर

म्हणजे भिंत जर पाचेक वर्षं उशिरा पडती तर आज आमच्या वडिलांच्या सेक्शनला टाळं.

शंकासुर

नाही पडलं असतं. पक्षी, तुम्ही मान्य करा की दुप्पट नेम हे वचन होतं आणि ते पाळलं गेलं नाही. नवीन गोळीसाठी पाया उकरायचा तर फायदाही तेवढा दिसायला हवा ना. थोडी बरी बंदूक हातात घेऊन कुठलंही लष्कर सगळी गोदामं रिकामी करणार नाही. हा जगाचा दोष नाही, हा हिशोब आहे.

पाषाणरोडचा_पक्षी

... हे मान्य. नेमाची दुप्पट तिला जमली नाही. वजनाचं मात्र जमलं होतं, ५१० गोळ्या विसरू नका.

सायली_उवाच

शंकासुर १, पक्षी १. चहा घ्या आता.

वेताळटेकडी

उशिरा आलो. हे भूत अजून मेलेलं नाही. २००४ पासून अमेरिकेत एलसॅट म्हणून प्रकल्प चालला, हलकी मशीनगन, त्यात बिनपुंगळीच्या गोळीचा एक गट होता आणि त्यांचं बारूद याच जर्मन रसायनावर बेतलेलं. दुसरा गट प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पूर्ण बुडवलेल्या गोळीचा. नळकांडंवाला पुढे टिकला, बिनपुंगळीवाला मागे पडला. मग अमेरिकेने ६.८ ची नवीन रायफल निवडली तेव्हा शेवटच्या तिघांत एक हीच बुडवलेली गोळी, एक प्लॅस्टिकची पुंगळी आणि एक सिगची. एप्रिल २०२२ ला सिग जिंकली. तिची पुंगळी कशाची? अंग पितळेचं, बूड पोलादाचं.

ता.क. रशियातल्या तूलाच्या कोरोबोव्हचं कोणी काढलं नाही म्हणून, त्याने साठीच्या दशकात तीन नळ्यांची असॉल्ट रायफल केली होती, टीकेबी-०५९, एका चापात तिन्ही नळ्या एकदम. तीन गोळ्यांची तीच खाज, फक्त घड्याळाच्या ऐवजी सरळ तीन बंदुका एकत्र बांधल्या. ती पण नाही गेली सैन्यात.

खडकीकर

अंग पितळेचं! वडील असते तर आज पेढे वाटले असते.

भुसावळ_जंक्शन

वरणगावहून पण एक पाव किलो पाठवा.

माजी_नायक

एक राहिलं. एवढं सगळं लिहिलंत पण बिनखोक्याच्या गोळीची खरी अडचण कोणीच काढली नाही. रेंजवर फायर झालं की आधी खोके वेचायचे. जेवढे राऊंड इश्यू झाले तेवढे खोके परत जमा, मोजून, उस्ताद (शिकवणारा) समोर उभा. एक जरी कमी भरला तरी कोणी घरी जात नाही. का, तर कमी खोका म्हणजे एक जिवंत गोळी कोणाच्या तरी खिशात असू शकते.

आम्ही एकदा १९९ भरले होते. दोनशेवा सापडेना. अख्खी प्लॅटून ओळीत गुडघ्यांवर, हाताने गवत बाजूला करत, परत परत तेच गवत. पाऊस सुरू झाला, लंगरमध्ये चहा गार झाला, अंधार पडायला आला. शेवटी एका पोराच्या गमबुटात सापडला, त्याला वाटलेलं खडा टोचतोय. चार तास खडा टोचतोय म्हणून लंगडत होता आणि आमच्याबरोबर शोधत पण होता.

ही जर्मन बंदूक असती तर उस्तादाने काय मोजलं असतं?

अक्कलखाते

धूर.